पसली चालते तेव्हा

आपल्या घरात लहान मुलाला खोकला झाला की नानी किंवा दादी त्याच्या छातीकडे पाहून म्हणते, "बच्चे की पसली चल रही है." मग कोणी मोहरीचे तेल गरम करते, कोणी दम करवून आणते, कोणी लोबानची धुरी देते. यात दोन दिवस जातात.

गेल्या हिवाळ्यात आमच्या शेजारी असेच झाले. बाळ आठ महिन्यांचे. अंगात ताप फारसा नव्हता, म्हणून घरचे निर्धास्त होते. तिसऱ्या दिवशी ते दूध घेईना, तेव्हा सरकारी दवाखान्यात नेले. आम्ही सोबत होतो. तिथल्या सिस्टरने आधी छातीला नळी लावलीच नाही. बाळाला आईच्या मांडीवर शांत होऊ दिले, झबले वर केले आणि घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजले. ६४ भरले. मग आईला दाखवले, की श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो आहे. न्यूमोनिया होता. बाळाला लगेच मोठ्या दवाखान्यात हलवले, ऑक्सिजन लावला. अल्हम्दुलिल्लाह, बाळ वाचले.

परत येताना आमच्या मनात एकच विचार होता. सिस्टरने जे दाखवले, ते नानीने दोन दिवस आधीच पाहिले होते. तिची नजर चुकली नव्हती, पुढचे पाऊल चुकले.

हे मोजणे प्रत्येक घराने शिकून घ्यावे. मूल शांत किंवा झोपलेले असावे, रडत किंवा दूध पीत नसावे. पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक श्वास. पूर्ण एक मिनिट मोजा. एकाने घड्याळ पाहावे, दुसऱ्याने दर श्वासाला तसबीहचा एक मणी सरकवावा, म्हणजे चूक होत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, तर श्वास जलद आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दोन महिन्यांच्या आतले बाळ असेल तर थेट दवाखाना गाठा.

पसली आत ओढली जात असेल, मूल कण्हत असेल, दूध-पाणी घेत नसेल, सुस्त पडले असेल, झटके येत असतील किंवा ओठ निळे दिसत असतील, तर रात्र असली तरी थांबू नका. १०८ ला फोन करा.

मणी मोजण्याची गोष्ट नवीन नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या सुईणींसाठी मणी आणि एका मिनिटाची वाळूची घडी असलेले श्वासमापक बनवले. आरोग्यसेवक आणि सुईणी न्यूमोनिया ओळखून गावातच औषध देऊ लागले. ज्या गावांत हे काम झाले, तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या निम्म्याहून कमी राहिले. हा अभ्यास १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. अक्षरओळख नसलेली सुईण जे करू शकली, ते आपल्या घरातली आई नक्की करू शकते.

काही गोष्टी आजच करता येतील. बाळाच्या खोलीत लोबान, अगरबत्ती, सिगडी, विडी-सिगारेट कशाचाही धूर नको. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्या. न्यूमोनियापासून बचाव करणारी पीसीव्ही लस सरकारी दवाखान्यात दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना मोफत मिळते, ती चुकवू नका. दुकानातून खोकल्याचे औषध आणून बाळाला पाजू नका.

दुआ जरूर करा, दमही करा. पण उंट आधी बांधण्याची हदीस आपण मुलांना शिकवतो, ती आपल्यालाही लागू आहे. तवक्कुल तदबीरनंतर येतो. आज रात्री बाळ झोपले की तसबीह घेऊन एकदा मोजून पाहा. निरोगी श्वास किती असतात हे माहीत असले, तर आजारी श्वास इन्शाअल्लाह वेळेवर ओळखू येईल.