कथानकाची निष्ठा आणि निवेदकाची हकालपट्टी

पी. जी. वुडहाउस यांच्या ‘थँक यू, जीव्ह्‌ज’ (1934) या कादंबरीचे नाव घेऊन ट्वेंटिएथ सेंच्युरी-फॉक्सने 1936 मध्ये त्याच नावाचा बोलपट काढला. मुळातील बॅन्जोलेले आणि जीव्ह्‌जचा राजीनामा वगळून त्यात हेरगिरी व हाणामारीची कथा आली. या बोलपटावरील नेहमीचा आक्षेप एवढाच, की त्याने कथानकाशी इमान राखले नाही. आक्षेप खरा आहे. समीक्षा म्हणून मात्र तो निरुपयोगी आहे.

‘अ डॅम्झेल इन डिस्ट्रेस’ (कादंबरी 1919, बोलपट 1937) याच्या पटकथालेखकांत खुद्द वुडहाउस होते. तेथेही नायक संगीतकाराचा नर्तक झाला, बर्न्स आणि ॲलन ही विनोदी जोडी नव्याने आली. तरी विनोदाची जात टिकली. म्हणजे कथानकातील फेरफार हा मुळात दोषच नव्हे.

दोष निराळा आहे. कादंबरीतला जीव्ह्‌ज वाचकाला दिसतो तो बर्टी वूस्टरच्या निवेदनातून. बर्टीला जे कळते आणि त्याच्याच वाक्यांतून वाचकाला जे कळते, त्यांतील अंतर हाच तेथील विनोद. बोलपटाने हा निवेदक काढून घेतला आणि आर्थर ट्रीचरचा जीव्ह्‌ज थेट कॅमेऱ्यासमोर उभा केला. गूढ गेले, उरला एक तुसडा नोकर. पुढच्याच वर्षीच्या ‘स्टेप लाइव्हली, जीव्ह्‌ज!’मध्ये तर बर्टीच नाही. चूक अनवधानाची नव्हती, वाचनाचीच होती, याचा आणखी कोणता पुरावा हवा?

यावर ‘माध्यमाची स्वायत्तता’ पुढे केली जाते. परंतु स्वायत्तता म्हणजे जबाबदारीतून सुटका नव्हे. कोण कोणाला, किती अंतरावरून पाहतो हे ठरविण्याची साधने चित्रपटापाशी आहेतच. ती न वापरणे हा माध्यमाचा स्वभाव नसून दिग्दर्शनाचे दारिद्र्य आहे.

मराठी समीक्षेला हा प्रश्न परका नाही. चिं. वि. जोशी यांचा चिमणरावही आपले चऱ्हाट स्वतःच वळतो. त्याच्या पडद्यावरील अवतारांचे मूल्यमापन करताना ‘प्रसंग मुळाबरहुकूम आहेत का?’ एवढेच विचारणारा समीक्षक विनोदाचे कलेवर मोजतो. विचारायचे ते हे, की सांगणारा कोठे गेला?