रक्ताची साक्ष

सद्धेतूनें निर्माण झालेल्या कलाकृतीवर टीका करणें हें नेहमींच अप्रिय काम असतें. टीकाकाराला दोष दाखवावयाचा असतो कलाकृतीचा. पण ऐकणाऱ्याला वाटतें कीं, याला तो हेतुच मान्य नाहीं. महेश भट्ट यांच्या 'जख्म' (१९९८) या हिंदी चित्रपटासंबंधीं लिहितांना हा धोका आम्ही जाणूनबुजून पत्करीत आहों. धर्मद्वेष किती घातक आहे हें ज्याला पटत नसेल त्यानें हा चित्रपट पाहावा, असा उपदेश गेलीं पंचवीसहून अधिक वर्षें सुशिक्षित मंडळी एकमेकांस करीत आली आहेत. तो उपदेश आम्हींही केला आहे. नुसता उपदेश करूनच थांबलों नाहीं, तर आमच्या महाविद्यालयांत एका वर्गाला हा चित्रपट मुद्दाम दाखविला. खेळ संपला, दिवे लागले, कित्येकांचे डोळे ओले झालेले दिसले, आणि आम्ही आपल्या कर्तव्यदक्षतेवर खूष होऊन चर्चेस आरंभ करणार, इतक्यांत मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, आनंदची आई मुसलमान नसती तर?"

प्रश्न उर्मटपणानें विचारलेला नव्हता. मुलाला खरोखरच उत्तर हवें होतें, आणि आम्हांपाशीं तें नव्हतें. तो तास आम्हीं कसाबसा निभावून नेला. परंतु पुढें जसजसा विचार केला तसतसें आमचें मत असें होत गेलें कीं, उत्तर आम्हांला सुचलें नाहीं याचें कारण तें त्या चित्रपटांतच नाहीं. आणि तें नसणें हीच या चित्रपटाची, किंबहुना तो ज्या कुळांतला आहे त्या सगळ्या कुळाची, मोठी उणीव आहे.

ज्यांनीं चित्रपट पाहिला नसेल त्यांच्याकरितां कथा थोडक्यांत सांगतों. १९९२ च्या डिसेंबरांत आणि १९९३ च्या जानेवारींत मुंबईंत जी दंगल पेटली, तिची कथेला पार्श्वभूमि आहे. अजय हा चित्रपटांना संगीत देणारा गृहस्थ. त्याच्या आईला दंगलखोर जमाव पेटवून देतो, आणि ती रुग्णालयांत शेवटच्या घटका मोजीत असते. धाकटा भाऊ आनंद एका कडव्या पुढाऱ्याच्या नादीं लागलेला. आईचा सूड म्हणून तो मुसलमानांच्या जिवावर उठला आहे, आणि पुढाऱ्याला तर या जळालेल्या आईचें राजकारणांत भांडवल करावयाचें आहे. अजयला मात्र लहानपणापासून एक गुपित ठाऊक आहे. ही आई जन्मानें मुसलमान. रमण देसाई या हिंदु चित्रपट-दिग्दर्शकावर तिनें प्रेम केलें. पण रमणच्या आईनें त्या संबंधास संमति दिली नाहीं, रमणनें दुसरीशीं लग्न केलें, आणि हिनें आपला धर्म झांकून दोन मुलें हिंदु म्हणून वाढविलीं. मेल्यावर आपल्याला आपल्या धर्माप्रमाणें पुरावें, एवढेंच तिचें मागणें. तसें वचन तिनें अजयकडून घेतलें आहे. अजय अखेर तें गुपित आनंदला सांगतो, आनंदच्या डोळ्यांवरची धुंदी उतरते, आणि आईचें दफन होतें.

आतां त्या विद्यार्थ्याचा प्रश्न पुन्हा वाचावा. आनंदचा द्वेष कशानें नाहींसा झाला? निरपराध माणसाला मारणें हें पाप आहे हें पटलें म्हणून? एकाच्या गुन्ह्याबद्दल दुसऱ्याला शिक्षा देणें हा अन्याय आहे हें कळलें म्हणून? नाहीं. ज्यांना आपण परके समजत होतों त्यांतलीच एक आपली आई आहे, हें कळलें म्हणून. म्हणजे 'आपल्यांवर प्रेम करावें, परक्यांचा द्वेष करावा' हें जें द्वेषाचें मूळ सूत्र, तें जसेंच्या तसें राहिलें; फक्त 'आपले' कोण याची यादी तेवढी दुरुस्त झाली! प्रतिपक्षाचा कायदा बिनतक्रार मान्य करून, केवळ त्याचा दस्तऐवज खोटा आहे एवढ्याच मुद्यावर लढणाऱ्या वकिलासारखी ही गोष्ट आहे. उद्यां खरा दस्तऐवज घेऊन दुसरा वादी उभा राहिला म्हणजे हा वकील काय करणार? ज्याच्या आईच्या, आजीच्या, पणजीच्या कुळांत कितीही शोधलें तरी परधर्माचा थेंब सांपडणार नाहीं, असे आनंद या देशांत लक्षावधि आहेत. चित्रपटगृहांतून बाहेर पडतांना ते म्हणतील, "बिचारा! पण आमची आई तर हिंदु आहे." दुसऱ्या बाजूचा एखादा तरुण तितक्याच निश्चिंतपणें म्हणेल, "आमची आई तर मुसलमान आहे." या दोघांना चित्रपटानें काय सांगितलें? आमच्या मतें, कांहीं नाहीं.

ही युक्ति 'जख्म'च्या कर्त्यानेंच प्रथम शोधून काढली असें नव्हे. आचार्य चतुरसेन यांच्या कादंबरीवरून यश चोप्रा यांनीं १९६१ सालीं 'धर्मपुत्र' हा चित्रपट काढला. त्यांत हुस्नबानू या मुसलमान तरुणीला विवाहापूर्वीं झालेलें मूल एक हिंदु डॉक्टर आणि त्याची पत्नी आपलें म्हणून वाढवितात. तो दिलीप मोठेपणीं कट्टर हिंदु होतो, मुसलमानांच्या नांवानें आग पाखडतो, आणि अखेर आपला जन्म कोणाच्या पोटीं झाला हें कळतांच त्याच्या पायांखालची जमीन सरकते. शशी कपूर यांनीं रंगविलेल्या या दिलीपचें त्या काळीं कौतुक झालें, आणि चित्रपटाला उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचें राष्ट्रपतींचें रौप्यपदकही मिळालें. सदतीस वर्षांच्या अंतरानें दोन नामांकित दिग्दर्शकांना एकाच युक्तीचा आधार घ्यावासा वाटला, यावरून ती किती मोहक आहे हें दिसतें. मोहक कां, तेंही उघड आहे. तिच्यांत विचार करण्याचे कष्ट प्रेक्षकालाही नाहींत आणि लेखकालाही नाहींत. द्वेष्ट्याशीं वाद घालावा लागत नाहीं. त्याच्या हातांत जन्माचा दाखला ठेवला कीं काम झालें.

'धर्मपुत्रा'ची आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. धर्माधर्मांतील भिंतीवर घाव घालण्यास निघालेल्या या चित्रपटांत ज्यांच्या प्रीतीवर कथा उभी आहे तीं हुस्नबानू आणि जावेद हीं दोघें एकाच धर्माचीं! 'जख्म' याच्या पुढें गेला, हें श्रेय त्याला दिलेंच पाहिजे. त्यांतलें प्रेम खरोखरच भिंत ओलांडणारें आहे. पण त्या प्रेमाची किंमत कोण देतें? जिनें प्रेम केलें ती बाई. आणि ती कशानें देते, तर आपलें असलेपण झांकून. कायदा तिच्या आड नव्हता. १८७२ च्या कायद्याप्रमाणें भिन्नधर्मी वधूवरांना 'आम्ही हिंदु नाहीं, मुसलमान नाहीं, ख्रिस्ती नाहीं' अशी आपापल्या धर्माचा त्याग करणारी प्रतिज्ञा करावी लागे. १९५४ च्या विशेष विवाहाच्या कायद्यानें ती अट काढून टाकली, आणि ज्यानें त्यानें आपापल्या धर्मांत राहून विवाह करावा अशी मोकळीक दिली. म्हणजे स्वतंत्र भारताच्या लोकसभेला जें उमगलें, तें रमणच्या आईच्या उंबरठ्यावर अडलें. पण चित्रपट रमणच्या आईला जाब विचारीत नाहीं. आणि आईचा शब्द मोडण्याचें धैर्य नसलेल्या रमणला तर तो शेवटीं स्वर्गांत नेऊन ठेवतो.

आमच्या या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील, ते आम्हीच मांडतों.

पहिला आक्षेप असा कीं, ही कल्पित कथा नव्हे. दिग्दर्शकानें आपल्या आईच्या आयुष्यावरून ती घेतली असल्याचें स्वतःच सांगितलें आहे, आणि पडद्यावर ती आई त्याच्याच कन्येनें, पूजा भट्ट यांनीं, उभी केली आहे. हें सर्व खरें, आणि चित्रपटांतील आईच्या चित्राला जी धग आहे ती त्यामुळेंच आहे हेंही खरें. पण घडलेली गोष्ट सांगणें निराळें आणि तिच्यावरून सिद्धांत काढणें निराळें. अजयची व्यथा ही साक्ष आहे, ती आम्ही मस्तक लववून मानतों. आनंदचें हृदयपरिवर्तन हा युक्तिवाद आहे, आणि युक्तिवाद कितीही दुःखांतून निघाला तरी तो तपासून घेण्याचा अधिकार वाचकाला व प्रेक्षकाला असतोच.

दुसरा आक्षेप विद्वानांचा. ते म्हणतील, रवींद्रनाथांच्या 'गोरा'मध्यें (१९१०) दुसरें काय आहे? तेथेंही कडव्या हिंदूला शेवटीं कळतें कीं आपण जन्मानें हिंदु नव्हे. आम्ही म्हणतों, फरक जमीनअस्मानाचा आहे. गोरा निघतो आयरिश आईबापांचा मुलगा. ज्यांच्याशीं वाद होता त्यांच्यांत त्याला एकाएकीं नातलग सांपडत नाहींत. उलट नात्याच्या आधारावर उभें राहण्याचा त्याचा हक्कच जातो. त्याला कोणी 'शत्रु तुझा भाऊ आहे' असें सांगत नाहीं. 'भाऊपणाचा तुझा दाखलाच खोटा आहे' असें सांगतात, आणि मग दाखल्यावांचून प्रेम करावयास तो शिकतो. शिवाय आनंदमयी ही सर्व आधींपासून जाणते. तिनें परक्याचें मूल परकें आहे हें ठाऊक असूनच पोटाशीं धरलें. रवींद्रनाथांनीं रक्ताची साक्ष काढली ती तिला कायमची रजा देण्याकरितां. आमच्या चित्रपटांनीं तिला न्यायासनावर बसविलें!

तिसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा. सामान्य प्रेक्षकाला तत्त्वज्ञान कळत नाहीं. त्याला आई, भाऊ, मुलगा हींच नातीं कळतात, असें ते म्हणतात. सामान्य माणसाची ही निंदा आम्हांला मुळींच मान्य नाहीं. चारशेंहून अधिक वर्षांपूर्वीं एकनाथांनीं 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला तो पंडितांच्या सभेकरितां नव्हे. त्यांत दोघे एकमेकांच्या देवाधर्माचीं उणींदुणीं मोकळेपणानें काढतात, चांगले हमरीतुमरीवर येतात, आणि शेवटीं एकमेकांस आलिंगन देतात. त्या आलिंगनाकरितां दोघांपैकीं एकाची आई दुसऱ्याच्या धर्माची निघावी लागली नाहीं. हिंदु हिंदु राहिला, तुर्क तुर्क राहिला. १९४१ सालीं पुण्याच्या प्रभातनें 'शेजारी' काढला, आणि त्याचीच हिंदी आवृत्ति 'पडोसी'. व्ही. शांताराम यांच्या त्या चित्रपटांतील दोन म्हातारे, एक हिंदु व एक मुसलमान, शेजारी आहेत, मित्र आहेत, भांडतात, दुरावतात आणि धरण कोसळतें तेव्हां एकमेकांचा हात धरून प्राण सोडतात. गुपित नाहीं, जन्माचा दाखला नाहीं. हिंदी आवृत्तींत तर मुसलमान म्हाताऱ्याची भूमिका गजानन जागीरदारांनीं आणि हिंदु म्हाताऱ्याची मजहर खान यांनीं केली. म्हणजे दुसऱ्याच्या जागीं उभें राहण्याचा धडा नटांनींच आधीं गिरवला. हा चित्रपट सामान्य माणसांनींच पाहिला आणि आपलासा केला. तेव्हां दोष प्रेक्षकाच्या बुद्धीचा नव्हे. त्याच्या बुद्धीवर भरंवसा नसलेल्या लेखकाचा आहे.

हा निव्वळ कलाविचाराचा वाद असता तर आम्हीं इतकी शाई खर्चिली नसती. न्यायमूर्ति श्रीकृष्ण यांच्या आयोगाचा अहवाल १९९८ च्या ऑगस्टांत विधिमंडळापुढें आला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस 'जख्म' पडद्यावर आला. त्या अहवालाप्रमाणें दोन महिन्यांच्या त्या दंगलींत नऊशें माणसें मेलीं: ५७५ मुसलमान, २७५ हिंदु, ५ इतर, आणि ४५ अशीं कीं, तीं कोण होतीं याचा पत्ताच लागला नाहीं. या नऊशेंपैकीं कोणी आपल्या मारेकऱ्याची गुप्त आई नव्हती, गुप्त भाऊ नव्हता. तीं सारीं खरोखरच परकीं माणसें होतीं, आणि परकीं असूनही त्यांना जगण्याचा हक्क होता. हें शेवटचें वाक्य जो चित्रपट बोलूं शकत नाहीं, त्याला दंगलीविरुद्धचें औषध म्हणून देणें म्हणजे तापावर मधाचें बोट चाटविणें आहे. आणि त्या पंचेचाळिसांकडे तर पुन्हा पाहावें. त्यांचा जन्म कोणत्या घरीं झाला, हें कोणालाच ठाऊक नाहीं. रक्ताची साक्ष त्यांच्यापुरती मुकीच आहे. त्यांच्याकरितां रडावयाचें कीं नाहीं?

'जख्म'मध्यें खरें उत्तर नाहीं असें आम्हीं वर म्हटलें. तें थोडें सुधारून घेतों. उत्तर तेथें आहे, पण चित्रपटाचें तिकडे लक्ष नाहीं. तें आनंदच्या अश्रूंत नाहीं. आईच्या मागणीत आहे. "मला पुरा," ही बाई एवढेंच म्हणते. तिला जन्मभर दुसऱ्यांच्या सोयीनें राहावें लागलें. निदान मातीत जातांना तरी आपण होतों तसें जावें, एवढा तिचा आग्रह. हा हक्क तिला अजयची आई म्हणून नाहीं, माणूस म्हणून आहे. ती कोणाचीच आई नसती, तरी तो तितकाच होता. या एका मागणीभोंवतीं चित्रपट फिरता, तर तो आज आहे त्याहून कितीतरी मोठा झाला असता.

योगायोग असा कीं, 'जख्म'ला राष्ट्रीय ऐक्याबद्दलचें जें पारितोषिक मिळालें तें नर्गिस दत्त यांच्या नांवाचें आहे. नर्गिस यांनीं १९५८ सालीं सुनील दत्त यांच्याशीं विवाह केला, आणि १९८१ सालीं त्यांचें मुंबईंत निधन झालें तेव्हां मरीन लाइन्सच्या बड्या कबरस्तानांत त्यांचें दफन झालें. यांत गुपित कोणतेंही नव्हतें. पति कोण आणि पत्नी कोण, हें सगळ्या देशाला ठाऊक होतें. पारितोषिकावरील नांवच पारितोषिक मिळविणाऱ्या चित्रपटापेक्षां अधिक सांगून जातें, असें क्वचितच घडतें.

तो विद्यार्थी आतां शिकून बाहेर पडला आहे. पुन्हा भेटला तर त्याला आम्ही सांगूं कीं, बाबा रे, तुझा प्रश्न बरोबर होता आणि आम्हीच गोंधळलों होतों. आनंदची आई मुसलमान नसती, तरीही त्यानें हात आवरावयासच हवा होता. आणि समोरचा माणूस आपला कोणीही लागत नाहीं, हें पक्कें ठाऊक असतां जो हात आवरला जातो, तोच खरा आवरला. बाकीचा सगळा नात्याचा व्यवहार.