दिवा लागला, पुढे काय?

फायनल इयरच्या प्रोजेक्टचे विषय ठरवायची वेळ आली की नोटीस बोर्डवर एक ओळ हमखास झळकते : 'मागील वर्षांचे विषय स्वीकारले जाणार नाहीत.' मित्रांनो, माझं स्पष्ट मत आहे की हा नियम रद्द व्हावा. साक्षीदार म्हणून उभा करतोय तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मोबाईलचा पडदा, म्हणजे ओएलईडी.

१९८७ साली अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीच्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी एक शोधनिबंध छापला. सेंद्रिय पदार्थातून विजेने उजेड पाडता येतो हे आधीच माहीत होतं, पण त्याला शेकडो व्होल्ट लागायचे. या जोडीने दोन पदार्थांचे अतिशय पातळ थर एकावर एक दिले. एका थरातून होल्स आले, दुसऱ्यातून इलेक्ट्रॉन्स. भेटले तिथे हिरवा उजेड पडला. तोही १० व्होल्टच्या आत!

आपल्याकडे असतं तर इथेच टाळ्या, फोटो आणि सबमिशन. खरी डोकेदुखी मात्र इथून सुरू झाली. हवेतला ओलावा किंवा ऑक्सिजन आत शिरला की काळे डाग पडायचे. निळा रंग तर सगळ्यात नाठाळ. निळ्या प्रकाशाला ऊर्जा जास्त लागते, त्यामुळे त्याचे रेणू लवकर खराब होतात. लाल-हिरवा ठणठणीत आणि निळा म्हातारा, असा पडदा कोण घेणार?

म्हणून बाजारात शिरकाव झाला तो मागच्या दाराने. १९९७ मध्ये पायोनियरने कारच्या स्टिरिओवर ओएलईडीचा छोटा डिस्प्ले बसवला. २००३ मध्ये कोडॅकने ईझीशेअर एलएस६३३ या कॅमेऱ्याला रंगीत पडदा दिला. २००७ मध्ये सोनीचा एक्सईएल-१ टीव्ही आला : ११ इंची, पडद्याची जाडी जेमतेम ३ मिलिमीटर आणि किंमत २ लाख येन! बघणारे खूप, घेणारे थोडे. २०१० मध्ये जपानमधली त्याची विक्री थांबली. त्याआधीच, २००९ मध्ये, कोडॅकने आपला ओएलईडीचा धंदा एलजी गटाला विकून टाकला होता.

'कोडॅक झोपली होती' असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. शोध तिचा, कॅमेराही तिचा. पण फिल्मचा धंदा आटत असताना, तेच काम रोज थोडं सुधारत राहण्याची कंटाळवाणी वर्षं तिला झेपली नाहीत. सॅमसंग आणि एलजी यांनी ओएलईडी शोधलं नव्हतं. त्यांनी दुसऱ्याचं अर्धवट काम घेतलं आणि वर्षानुवर्षं घासलं. २०१० मध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी एस आला, २०१३ मध्ये एलजीचा ५५ इंची टीव्ही. एलजीने पांढरा उजेड घेऊन त्यापुढे कलर फिल्टर लावले. आपल्या रिव्ह्यू कमिटीने नक्की विचारलं असतं, "यात नवीन काय?"

आपल्याकडे व्हायवाला पाच मिनिटं चाललेला बोर्ड दुसऱ्या दिवशी कपाटात जातो. ज्युनिअर्स पुन्हा शून्यापासून सुरुवात करतात. जुने विषय दिले तर कॉपी होईल, असं काही सर म्हणतील. पण सर, नवं नाव देऊन जुनंच सर्किट आजही जमा होतंच की! त्यापेक्षा आकडा मागा. गेल्या वर्षी दोन तास चाललं, यंदा वीस तास चालवून दाखवा. कॉपी करून ते वीस तास येणार नाहीत.