हमीदार शेजारीण

कर्ज हा मूलतः विश्वासाचा व्यवहार आहे. कर्ज देणाऱ्याने घेणाऱ्याची ऐपत पाहावी, तशीच दानतही पाहावी, अशी जुनी रीत. हा विश्वासच नफ्याचे साधन झाला म्हणजे काय घडते, हे आंध्र प्रदेशाने २०१० साली अनुभवले.

सूक्ष्म कर्जाची मूळ कल्पना उदात्त होती. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांच्या ग्रामीण बँकेने गरीब स्त्रियांना तारणाविना छोटी कर्जे दिली. या कार्यास २००६ चे शांततेचे नोबेल पारितोषिक लाभले. आपल्याकडेही मोजक्या स्त्रियांचा गट करून त्यांनी परस्परांस हमी राहावे, ही पद्धत रूढ झाली.

पुढे या क्षेत्रात नफ्याच्या अपेक्षेने भांडवल आले. गुंतवणूकदारास दरवर्षी वाढ हवी आणि वाढीसाठी नवी कर्जे हवीत. नवे कर्जदार अपुरे पडताच जुन्यांनाच पुन्हा कर्जे दिली गेली. एका संस्थेचा हप्ता दुसरीच्या पैशातून भरला जाऊ लागला. ऑगस्टमध्ये अशाच एका मोठ्या कंपनीचे शेअर बाजारात दाखल झाले. मागणी उपलब्ध शेअर्सच्या कित्येक पट होती. तिकडे खेड्यांतून वसुलीच्या जाचाच्या आणि आत्महत्यांच्या वार्ता येत होत्या. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने वटहुकूम काढला. वसुली जवळपास ठप्प झाली आणि प्रामाणिक कर्जदारांनाही कर्ज मिळेनासे झाले.

रिझर्व्ह बँकेच्या मालेगाम समितीने जानेवारी २०११ मध्ये व्याजास २४ टक्क्यांची कमाल मर्यादा सुचवली, तसेच एका कर्जदारास दोनहून अधिक संस्थांनी कर्ज देऊ नये, असेही म्हटले.

परंतु सर्वांत मोठी हानी कोणत्याही ताळेबंदात आली नाही. एकीचा हप्ता चुकला की तो इतरांवर पडे. म्हणून अडीनडीला धावणारी शेजारीणच तगाद्यासाठी दारात बसू लागली. वसुलीचा खर्च वाचला, तो नफ्यात जमा झाला. तुटलेला शेजार मात्र कुठेच नावे पडला नाही.

भांडवल त्याज्य नव्हे. त्यावाचून व्यापार चालत नाही. श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रतातही धनार्जनास मनाई नाही. मर्यादा मात्र आधी आणि स्वतः ठरवायची आहे. आंध्रात ती उशिरा, बाहेरून लादावी लागली. आज घरोघरी शेअर्समध्ये पैसा गुंतवला जातो. परताव्याचा आकडा पाहताना, तो कोणाच्या घरातून येतो, हेही कुटुंबात एकदा विचारले जावे.