निष्ठा विकर्णाची हवी

‘जाऊ दे रे, तो तसाच आहे,’ हे वाक्य आपण फार उदार मनाने म्हणतो. शाळा-कॉलेजपासूनचा एखादा मित्र चारचौघांत कुणाचा तरी पाणउतारा करतो, टेबलावर क्षणभर शांतता पसरते, मग कुणीतरी हे वाक्य म्हणते आणि गप्पा पुढे सुरू होतात. म्हणणाऱ्याला वाटते, आपण मैत्री राखली. माझे म्हणणे नेमके उलट आहे. जुन्या मित्राचे वागणे उद्धट झाले असेल, तर त्याला एकट्याला गाठून ते तोंडावर सांगणे हे मैत्रीतले पहिले कर्तव्य आहे. ते टाळणाऱ्याने मैत्री राखलेली नसते, स्वतःची सोय पाहिलेली असते.

असा मित्र बहुतेक टोळक्यांत असतो. परीक्षेच्या आदल्या रात्री स्वतःच्या वह्या दुसऱ्याला देणारा, कुणाचे वडील अ‍ॅडमिट झाले तर हॉस्पिटलच्या बाकावर रात्र काढणारा, खिशात असेल ते न मोजता काढून देणारा. पुढे तो नोकरीत चढला, किंवा त्याचा धंदा बसला; घर मोठे झाले, किंवा रिकामे झाले. पन्नाशीच्या आसपास केव्हातरी त्याच्या बोलण्याला धार आली. आता तो वेटरला ‘ए’ म्हणून बोलावतो आणि ऑर्डर चुकली की त्या पोराला सगळ्या हॉटेलासमोर फैलावर घेतो. बायको काही बोलू लागली की ‘तुला काय कळतंय त्यातलं’ म्हणून तिला गप्प करतो. ज्याचा मुलगा अजून नोकरीला लागलेला नाही, त्यालाच मुलाच्या पगाराविषयी विचारतो. बाकीचे ताटात बघत राहतात.

त्याच्याशी बोलू नये म्हणणाऱ्यांची कारणे एकेक करून तपासू.

पहिले कारण स्वभावाचे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, मग शब्द वाया कशाला घालवायचे? पण ही म्हण इथे लागूच पडत नाही, कारण ही खोड जन्माची नाही. आपण त्याला तीस वर्षांपूर्वी पाहिले आहे आणि तेव्हा तो असा नव्हता. म्हणजे या वागण्याला सुरुवात आहे, आणि सुरुवात आहे तिथे कारण असू शकते. ऐकू कमी येऊ लागलेला माणूस सारखे ‘काय, काय’ विचारून थकतो आणि चिडका होतो. पुरुषांमधले नैराश्य पुष्कळदा डोळ्यांतून न दिसता चिडचिडीतून बाहेर पडते. दारू वाढली की जिभेवरचा ताबा सुटतो. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया नावाचा मेंदूचा विकार बहुधा ४५ ते ६५ या वयातच डोके वर काढतो. त्यात स्मरणशक्ती सुरुवातीला बरीचशी शाबूत राहते, पण संकोच, दुसऱ्याविषयीची कणव आणि कुठे काय बोलावे याचे भान ढासळू लागते. घरच्यांना वाटते, माणूस माजला. प्रत्येक उद्धट माणूस आजारी असतो असे मी मुळीच म्हणत नाही. बहुतेकांना कोणताही आजार नसतो. पण पूर्वीचा माणूस आणि आताचा माणूस यांतला फरक सर्वांत आधी जुन्या मित्रालाच दिसू शकतो. सहकाऱ्याला तो पूर्वी कसा होता हे माहीत नसते आणि घरच्यांना रोजच्या सवयीने बदल जाणवत नाही. ज्याला फरक दिसतो त्यानेच ‘तो तसाच आहे’ म्हटले, तर विचारणारे दुसरे कुणी उरत नाही.

दुसरे कारण मोकळेपणाचे. आमच्यात असेच चालते, शिव्या दिल्याशिवाय आम्हाला एकमेकांना भेटल्यासारखे वाटत नाही, त्यात काय एवढे? हे म्हणणे अर्धे खरे आहे. मराठी मैत्रीत टर उडवणे, टोपणनावाने छळणे, जुने प्रेमप्रकरण उकरून काढणे यांत खरोखर माया असते. पण त्या थट्टेचा एक नियम असतो, तो कुणी लिहिलेला नसला तरी सगळ्यांना ठाऊक असतो: जो टपली मारतो त्याला उलट टपली बसणार. थट्टा दोन्ही बाजूंनी चालते. वेटर उलट टपली मारू शकत नाही, त्याची नोकरी जाईल. ड्रायव्हर मारू शकत नाही. पाहुण्यांसमोर बायको मारत नाही, कारण नंतर घरी त्याच माणसाबरोबर जायचे असते. ज्याला उत्तर देण्याची मुभा नाही त्याच्यावर केलेला विनोद हा मोकळेपणा नसतो, अरेरावी असते. या दोहोंतली रेघ ओळखायला मोठी बुद्धी लागत नाही. ज्याच्यावर विनोद झाला त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले की पुरे.

तिसरे कारण उपकारांचे, आणि सर्वांत भावनिक तेच आहे. त्याने माझ्यासाठी काय काय केले आहे, मी त्याला कोणत्या तोंडाने बोलू? या युक्तिवादाचा पूर्वज कर्ण आहे. भर रंगमंडपात कूळ विचारून अडवल्या गेलेल्या कर्णाला दुर्योधनाने अंगदेशाचे राज्य दिले, आणि कर्णाने ते ऋण आयुष्यभर वाहिले. १९६७ साली आलेल्या शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने हा कर्ण मराठी घराघरांत पोचवला आणि मैत्री म्हणजे कर्णासारखी निष्ठा असे आपल्यातल्या अनेकांच्या मनात बसले. मला कर्णाविषयी आदर आहे, पण द्यूतसभेतला कर्ण विसरता येत नाही. तिथे मित्राला थांबवणे तर दूरच, द्रौपदीला सर्वांत कठोर शब्द त्यानेच ऐकवले आणि तिची वस्त्रे काढून घ्यायला दुःशासनाला सांगितले. पुढे उद्योगपर्वात तो कृष्णापाशी कबुली देतो, की दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून आपण पांडवांना कडू बोललो आणि त्याचा आता ताप होतो. मित्राला बरे वाटावे म्हणून! गप्प बसणाऱ्या, हसून साथ देणाऱ्या प्रत्येक मित्राचे खरे कारण या कबुलीत आले आहे.

त्याच सभेत आणखी एक जण होता, ज्याला आपण जवळजवळ विसरलो आहोत. विकर्ण, दुर्योधनाचा धाकटा भाऊ. भीष्म-द्रोण गप्प असताना तो उभा राहिला आणि म्हणाला, युधिष्ठिर स्वतःला आधी हरला होता, द्रौपदी एकट्या त्याची पत्नी नाही, तिला पणाला लावायचे शकुनीने सुचवले. म्हणून ती जिंकली गेलेली नाही. कर्णाने त्याला पोरकट ठरवून गप्प केले. विकर्णाने त्यानंतर भावाला सोडले का? नाही. युद्धात तो कौरवांच्याच बाजूने लढला आणि भीमाच्या हातून पडला. त्याला मारताना भीमालाही दुःख झाले. साथ आणि सत्य यांतले एकच निवडावे लागते हा समज विकर्ण खोटा ठरवतो. भावाच्या अन्यायाला त्याने अन्याय म्हटले आणि तरीही तो भावाबरोबर राहिला. त्याने कौरवपक्ष सोडायला हवा होता, असे कुणी म्हणेल. तो वाद वेगळा. इथे मुद्दा एवढाच, की बोलण्याने निष्ठा कमी झाली नाही.

उपकारांच्या युक्तिवादात एक गणिती खोटही आहे. ऋण माझे आहे. ते मी माझ्या वेळातून, पैशातून, धावपळीतून फेडावे. पण मी गप्प बसतो तेव्हा ते ऋण फेडतो कोण? ज्याचा अपमान झाला तो वेटर, ती बायको, तो बेकार मुलाचा बाप. मित्राचा उद्धटपणा माझ्यापुरताच असता, तर तो सोसणे हे माझे औदार्य ठरले असते. दुसऱ्याच्या पाठीवर बसणारे फटके सोसण्याचे औदार्य मला दाखवता येत नाही.

चौथे कारण भीतीचे: बोललो तर मैत्री तुटेल. इथे महाराष्ट्राला टिळक आणि आगरकर आठवतात, आणि आठवायलाच हवेत. दोघेही १८५६च्या जुलैत जन्मलेले, डेक्कन कॉलेजातले सोबती. १८८०मध्ये न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८१मध्ये ‘केसरी’ यांच्या उभारणीत दोघे बरोबर होते. कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात शिक्षा होऊन १८८२मध्ये डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस बरोबर काढले. मग सामाजिक सुधारणेवरून आणि शिक्षणसंस्थेच्या कारभारावरून बिनसले. आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, १८८८मध्ये ‘सुधारक’ काढला, आणि एकेकाळचे मित्र आपापल्या पत्रांच्या रकान्यांतून एकमेकांवर वैयक्तिक वार करू लागले. १८९५मध्ये आगरकर गेले आणि टिळकांना ‘केसरी’त त्यांचा मृत्युलेख लिहावा लागला. लोक म्हणतात, पाहा, स्पष्ट बोलण्याने अशी मैत्री गेली. मला वेगळेच दिसते. त्यांचा मतभेद तत्त्वाचा होता आणि तो जाहीर व्हायलाच हवा होता. त्या वादाने महाराष्ट्राला विचार करायला शिकवले. मात्र जे घाव माणसावर पडले, ते सगळ्या वाचकांच्या देखत पडले. तत्त्वाचा वाद चव्हाट्यावर व्हावा, वागण्याची तक्रार बंद दाराआड व्हावी, हा मला त्यातून मिळणारा धडा आहे. त्यात गप्प बसा असे कुठेच नाही. आणि न बोलल्याने मैत्री टिकते हा समज तरी कुठे खरा आहे? लोक त्याला फोन करणे कमी करतात, त्याला न कळवता भेटतात, त्याच्याशिवाय वेगळा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढतात. मैत्री तुटलेलीच असते, फक्त ज्याची तुटली त्याला कुणी सांगितलेले नसते.

आता दुसऱ्या टोकाच्या लोकांविषयी. त्यांचा सल्ला सोपा आहे: असल्या माणसाला टॉक्सिक म्हणा, ब्लॉक करा, मनःशांती जपा. छळणाऱ्या परक्यासाठी हे ठीक आहे. पण ज्याच्याबरोबर आयुष्याचा एवढा काळ काढला त्याला आरोपही न सांगता शिक्षा देणे हा न्याय नव्हे. अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या नवव्या भागात हाच प्रश्न घेतला आहे: मित्र बिघडला तर मैत्री मोडावी का? सुधारण्याची शक्यता असेल तोवर त्याच्या स्वभावाला सावरायला मदत करावी, पैशाअडक्याच्या मदतीपेक्षा ती मदत मोठी, असे त्याचे उत्तर आहे. वाट पूर्ण संपली तर दूर व्हावे, पण जुन्या सहवासाची आठवण तेव्हाही ठेवावी. आपल्यालाही हाच क्रम धरता येईल.

मग बोलायचे कसे? अपमान होत असेल त्या क्षणी भाषण देऊ नये, पण ज्याचा अपमान होतो त्याची बाजू सावरावी. ‘राहू दे, त्याची चूक नाही, ऑर्डर मीच बदलली,’ किंवा ‘वहिनी काय सांगत होत्या ते ऐकू दे,’ एवढे पुरते. खरे बोलणे एक-दोन दिवसांत, एकांतात, दिवसा, ग्लास हातात नसताना करावे. व्हॉट्सअ‍ॅपवर कधीच नाही. सकाळी फिरायला बरोबर जावे. एकच प्रसंग घ्यावा, वर्षांची यादी काढू नये. ‘सगळेच म्हणतात’ ही फौज मागे उभी करू नये. स्वतःच्या नावावर बोलावे. ‘तू माजलायस’ म्हटले की तो स्वतःच्या बचावाला उभा राहतो. ‘परवा तू त्या पोराला ओरडलास, त्याचे हात थरथरत होते, मला ते बघवलं नाही,’ म्हटले की त्याला त्या पोराचा विचार करावा लागतो. मग विचारावे, ‘तुझं सगळं ठीक आहे ना?’ आणि गप्प राहून ऐकावे. कान, झोप, दारू, घरातला ताण असे काही त्यातून निघाले, तर डॉक्टरकडे त्याच्याबरोबर जावे. काही निघाले नाही, तर निदान एवढे नक्की सांगावे, की माझ्यासमोर हे पुन्हा झाले तर मी गप्प बसणार नाही.

तो त्याच दिवशी मान्य करील अशी अपेक्षा धरू नये. धृतराष्ट्राने खरे बोलणाऱ्या विदुराला रागाने चालता हो म्हटले. विदुर वनात पांडवांकडे गेला आणि मग त्याच धृतराष्ट्राने संजयाला पाठवून त्याला परत बोलावले. खरे बोलणाऱ्या माणसाची गरज राग ओसरल्यावर कळते. मित्र चार महिने अबोला धरील, धरू द्यावा. त्या काळात त्याच्या घरी आजारपण आले तर पहिले आपण जावे. आणि तो म्हणाला, ‘तूही काही कमी नाहीस,’ तर तेही ऐकून घ्यावे, कारण हिशेब मागणाऱ्याला तो द्यावाही लागतो.

एक मर्यादा मात्र स्पष्ट हवी. तो घरात हात उचलतो आहे, बायकोला धमकावतो आहे असे दिसले, तर हा मित्रामित्रांतला विषय उरत नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याप्रमाणे अशी माहिती संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही देऊ शकतो, आणि ती सद्भावनेने देणाऱ्यावर कसली जबाबदारी येत नाही. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. अशा वेळी मित्राची बाजू घेणारा माणूस त्याच्या गुन्ह्याचा वाटेकरी होतो.

बाकी सर्व ठिकाणी वाट मोकळी आहे. आयुष्यात माणसाला हांजी हांजी करणारे पुष्कळ मिळतात, पद असेतोवर तर रांग लागते. त्याचा पूर्वीचा चांगुलपणा ज्याने पाहिला आहे आणि म्हणून आताचा उद्धटपणा ज्याला सहन होत नाही, असा माणूस एखादाच मिळतो. तो एखादा तुम्ही असाल, तर पुढच्या गेट-टुगेदरची वाट पाहू नका. या आठवड्यातच त्याला फोन करा, एकट्याला भेटा आणि सांगा.