एका स्टँडावर चार फ्लॅश

गेल्या वर्षीच्या अंकात प्राचार्यांच्या मनोगतानंतर लगेच अध्यापक व कर्मचारीवर्गाचे छायाचित्र आहे. ते पुन्हा एकदा काढून पाहावे, अशी वाचकांना विनंती आहे. पहिल्या रांगेत खुर्च्यांवर प्राचार्य व विभागप्रमुख बसले आहेत. त्यांच्या खिशातली पेनेसुद्धा मोजता येतात. दुसरी रांग बरी आहे. तिसरीपासून अंधारून येते. पाचव्या रांगेत, सभागृहाच्या सर्वांत वरच्या पायरीवर, ग्रंथालयातले मामा, कार्यालयातले दोन शिपाई आणि झाडलोट करणाऱ्या मावशी उभ्या आहेत. खाली नावे बिनचूक छापली आहेत. चेहरे मात्र नाहीत. मामा त्याच वर्षी निवृत्त झाले. अंक हातात घेऊन त्यांनी मला विचारले, "ह्यात मी कुठला रे?" मी बोट ठेवले. ते बरोबर त्यांच्यावरच पडले की नाही, हे आजही खात्रीने सांगता येत नाही.

ते छायाचित्र मीच काढले होते.

बक्षीस समारंभ लांबल्यामुळे सूर्य मावळला होता, म्हणून कॅमेऱ्यावर एक छोटा फ्लॅश लावला. पहिली रांग माझ्यापासून १० फुटांवर होती, शेवटची २० फुटांवर. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होतो, हे विज्ञानाला रामराम ठोकून कलाशाखेत आलेल्यांनीही कधीतरी ऐकलेले असते. अंतर दुप्पट झाले की प्रकाश निम्मा नव्हे, चौथाई होतो. म्हणजे प्राचार्यांना रुपया मिळाला तर मामांना चार आणे. मागची रांग उजळावी म्हणून प्रकाश वाढवला असता तर पुढची रांग पांढरीफटक झाली असती.

यावर उपाय आहे, आणि तो पहिल्यांदा ऐकताना उलटाच वाटतो. दिवा पुढे आणायचा नाही, मागे न्यायचा. तो पहिल्या रांगेपासून २० फुटांवर उभा केला तर शेवटची रांग ३० फुटांवर येते आणि तिला पुढच्या रांगेच्या जवळजवळ निम्मा प्रकाश मिळतो. चार आण्यांचे सुमारे सात आणे झाले. पण दिवा दुप्पट लांब गेल्यामुळे पहिल्या रांगेचाच प्रकाश चौथाई झाला. तो भरून काढायला एकाच्या जागी चार फ्लॅश हवेत. चार फ्लॅश हवेत ते झगमगाटासाठी नव्हे, दिव्याला लांब उभे राहता यावे म्हणून. आमच्या छायाचित्र मंडळात पुष्कळांच्या हे अजून गळी उतरलेले नाही.

मंडळात सध्या जो वाद चालू आहे त्यात माझे मत स्पष्ट आहे. काहींच्या मते वर्गणी काढून एक मोठा स्टुडिओ दिवा घ्यावा. दिवा उत्तम, याबद्दल दुमत नाही. पण सभागृहाच्या पायऱ्यांपाशी विजेचा प्लग कुठे आहे? आणि तो बिघडला की सगळेच संपले. चार फ्लॅशना सोळा पेन्सिल सेल पुरतात, आणि एकाने दगा दिला तरी तीन उरतात. सगळे निम्म्या ताकदीवर ठेवून कॅमेऱ्याची संवेदनक्षमता एका पायरीने वाढवली, तर ते लवकर पुन्हा तयारही होतात. चाळीस माणसांत कोणीतरी डोळे मिटतोच, तेव्हा लागोपाठ पाच-सहा छायाचित्रे घ्यावीच लागतात.

मग चार स्टँड का नकोत? कारण चार दिशांनी दिवे आले की प्रत्येकाच्या नाकाला चार सावल्या पडतात. एकाच आडव्या पट्टीवर शेजारी शेजारी बसवलेले चार फ्लॅश २० फुटांवरून एकाच दिव्यासारखे वागतात. त्याने प्रकाश मऊ होत नाही, फक्त वाढतो, हेही सांगून टाकतो.

ही युक्ती नवी नाही. अमेरिकेत ओ. विन्स्टन लिंक याने १९५५ ते १९६० या काळात नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची वाफेची इंजिने रात्रीच्या अंधारात टिपली. १९५६ मधल्या त्याच्या एका प्रसिद्ध छायाचित्रात मोटारीतून सिनेमा पाहणारे प्रेक्षक आणि मागून धडधडत जाणारी गाडी एकाच क्षणी दिसते. त्यासाठी त्याने ४३ बल्ब एकदम उडवले होते, आणि तेही एकदाच पेटून जळून जाणारे. आपल्याला चारच हवेत, आणि ते पुन्हा वापरता येतात!

"एवढा खटाटोप कशाला? संगणकावर मागची रांग उजळता येते," असे एक ज्येष्ठ मित्र म्हणाले. मी करून पाहिले. मामांच्या चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे दिसते. जे कॅमेऱ्यात उतरलेच नाही ते संगणक कुठून आणणार?

धोके आहेत, ते लपवत नाही. वर वजन वाढले की स्टँड कलंडतो. पायाशी विटांची पिशवी हवी आणि एक माणूस धरायला हवा. उघड्यावर छत्री लावू नये, वारा ती शिडासारखी भरतो. एका फ्लॅशला रेडिओ ट्रिगर पुरतो. बाकीचे त्याचा प्रकाश पाहून आपोआप उडतात, पण सर्व हाताने ठरवलेल्या ताकदीवर हवेत, नाहीतर मुख्य उजेडाआधीच्या चाचणीच्या लुकलुकीलाच फसतात. आणि घरातला वडिलांच्या वेळचा फ्लॅश कृपया थेट नव्या कॅमेऱ्यावर चढवू नका. काही जुन्या फ्लॅशच्या तळाशी दोनशे व्होल्टपर्यंत दाब असतो.

खरी अडचण वेगळीच आहे. मंडळातल्या बहुतेकांच्या पिशवीत एकेक फ्लॅश आहे, आणि तो दुसऱ्याच्या स्टँडावर चढवायचा म्हटले की प्रत्येकाला त्याच दिवशी कुठेतरी लग्न असते. छायाचित्राखाली नाव एकाचेच छापले जाते, हेही त्यामागचे कारण असावे. तसे असेल तर यंदा चौघांची छापावीत; संपादकांची हरकत नसावी.

पट्टी मी फॅब्रिकेशनवाल्याकडून पाव इंची स्क्रूची भोके पाडून आणली आहे. विटा वसतिगृहामागे पडलेल्या आहेत. मावशी यंदा अजून नोकरीत आहेत. माझा एक फ्लॅश धरून आणखी तीन हवेत.