वाघाचे पाहुणे, माणसांचे शेजारी

नाताळची सुटी जवळ आली की आपल्या सुखवस्तू कुटुंबांत एक प्रश्न हमखास निघतो : यंदा वाघ कोठे पाहावयाचा? ताडोब्याचे आरक्षण न मिळाल्यास यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर आहेच. तेथून मुकुटबन फार दूर नाही. परंतु मुकुटबनला सुटीसाठी कोणी जात नाही. वाघ मात्र तेथेही असतो.

एप्रिल २०२१ मध्ये मुकुटबन वनपरिक्षेत्रात एका गुहेपाशी गर्भवती वाघीण मारलेली आढळली. तिचे पंजे तोडून नेले होते. ते क्रौर्यच होते, त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. पण याच जिल्ह्यात ‘अवनी’ वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता आणि २ नोव्हेंबर २०१८ रोजी तिला गोळी घातली गेली. तिचे नाव साऱ्या देशाला पाठ आहे. त्या तेरांपैकी एकाचे तरी नाव आपणांस सांगता येईल काय?

व्हेनिस नगरीने २०२४ साली काही ठरावीक दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्या प्रवाशांकडून पाच युरो घेण्यास प्रारंभ केला. त्याच वर्षी बार्सिलोनाच्या रहिवाशांनी प्रवाशांवर पिचकाऱ्यांतून पाणी उडविले, तेही जगभर छापून आले. पण रात्रीची वीज म्हणून अंधारात कापसाला पाणी द्यावयास निघालेला झरी जामणीचा शेतकरी, वा जंगलालगतच्या पोडावरील कोलाम स्त्री, यांच्या गाऱ्हाण्याला कोणते वृत्तपत्र पहिले पान देणार?

पर्यटनाने रोजगार मिळतो, असे आम्हांस सांगितले जाते. मिळतो, हे खरे. पण ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण व तिचे बछडे जिप्सींनी दोन्ही बाजूंनी कोंडले, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठास स्वतःहून दखल घ्यावी लागली. आणि पहिली कारवाई झाली ती चालक व मार्गदर्शक यांच्यावर, म्हणजे त्याच रोजगारावर. ‘आणखी जवळ घ्या’ हा आग्रह मागच्या आसनावरून होतो, हे ज्याने सफारी केली त्याला ठाऊक आहे.

जिप्सी किती सोडावयाच्या, शुल्कातील वाटा कोठे खर्चावयाचा, फाटक कोणत्या दिवशी बंद ठेवावयाचे, हे ठरविताना भोवतालच्या ग्रामसभांचे मत बंधनकारक असावे, अशी आमची मागणी आहे. वाघाचे शेजारपण बारा महिने ते निभावतात.

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामातील तरुणांनी टिपेश्वरच्या सहलीचा बेत आणला. आम्ही एवढेच विचारले, की वाटेवरच्या एखाद्या गावी तासभर थांबून त्या लोकांचे काही ऐकून घेणार आहात काय? त्यांनी वेळापत्रक पुढे केले. त्यात दोन सफारी होत्या, हॉटेलातील जेवण होते, रात्रीची शेकोटी होती. तास तेवढा नव्हता.